तारा विझवण्याचा कार्यक्रम

पोळ्यानंतरचा रविवार, सकाळी अकरा. शाळेचं सभागृह, म्हणजे पत्र्याची शेड. हजर: संस्थेचे अध्यक्ष (उशिरा, पण हारासकट), मुख्याध्यापक, ऑफिसातले बाबू, साउंडवाला, नववीची मुलं, त्यांचे पालक (काही थेट धामणगाव बढ्याहून) आणि विज्ञान शिकवणारी मी.

कार्यक्रम अध्यक्षांना आवडला तर खगोल मंडळाची खोली मुलांकडे राहणार होती. नाही तर तिथे खुर्च्या येणार होत्या. अध्यक्षांच्या मेहुण्याच्या, लग्नांना भाड्याने जाणाऱ्या. शिक्षणाला बसायला जागा हवीच.

विषय होता दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधणं. तारा इतका झगझगीत असतो की शेजारचा ग्रह दिसतच नाही. म्हणून दोन किंवा जास्त दुर्बिणी एकाच ताऱ्यावर लावतात आणि त्यांचा प्रकाश एकत्र आणताना एकीच्या लाटा उलट्या करतात. चढावर उतार बसतो, तारा स्वतःलाच विझवतो. ग्रह जरा बाजूला असतो. त्याच्या लाटा दोन्हीकडे एकाच वेळी पोचत नाहीत, म्हणून तो उरतो.

आमच्याकडे दुर्बीण एकच. म्हणून दोन माइक घेतले आणि एकाची वायर उलटी जोडली. बरोबर मधे बाजारभाव सांगणारा रेडिओ, हा तारा. उजव्या माइकला लागून कुजबुजणारी एक मुलगी, हा ग्रह.

रेडिओ लावला. तुरीचे भाव अख्ख्या शेडमध्ये दणाणले.

"वायर उलटी व्हती मॅडम, सरळ करून देली," साउंडवाला अभिमानाने म्हणाला.

"ती उलटीच हवी होती!"

"काऊन?"

"ग्रह दिसायला."

त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मी वायर पुन्हा उलटी केली आणि बजावलं, "आता कार्यक्रम संपेपर्यंत हात लावायचा नाही."

या वेळी स्पीकरमधली तूर विझली आणि मुलीचा आवाज आला, "मी ग्रह आहे, मले कोनी पाह्यलं का?" टाळ्या पडल्या. रेडिओ उचलला, मुलगी खाली बसली, आणि अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. दोन्ही माइकच्या बरोबर मधे. त्यांना मध्यभागाची सवयच आहे.

ओठ हलत होते, हात हलत होते, स्पीकर शांत. मी साउंडवाल्याला खुणा केल्या. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले: वायरला हात लावलेला नाही.

मुख्याध्यापकांची खुर्ची उजव्या माइकच्या कुशीत होती. ते बाबूंच्या कानाशी वाकले, आणि त्यांचं कुजबुजणं शेडभर स्वच्छ घुमलं.

"उद्या सकाळीच खोली खाली कर. खुर्च्यायचा टेम्पो येऊन राह्यला. अन् मॅडमले सांगू नको बे, सामानाची यादी काढत बसतीन."

सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्षांना वाटलं, भाषणाचा परिणाम होतोय. ते आणखी रंगले.

मागून एक आई उठली. "साहेब, तुमचं काही आयकू नाई आलं. पन खोली कोनाची, तेवढं सांगा."

मुख्याध्यापक छताचे पत्रे मोजू लागले. अध्यक्षांनी एकवार शेडभर पाहिलं आणि माइक सोडून खड्या आवाजात म्हणाले, "खोली मुलांचीच! आत्ता भाषणात मी तेच तर सांगितलं!"

खरं की खोटं, सांगायला कोणी नव्हतं. भाषण ऐकलंच कोणी नव्हतं. टाळ्या मात्र सर्वांनी वाजवल्या, मी सर्वांत जोरात. टेम्पो दुसऱ्या दिवशी आला आणि मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर रिकामा झाला.

खोली झाडून झाली, दुर्बीण कपाटातून बाहेर आली, पालकांना तारे पाहायला यायचे निरोप गेले. आता अध्यक्षांचा फोन रोज येतो. साउंडवाल्याने मिक्सरवरून, म्हणजे स्पीकरमधून आलं तेवढंच, उतरवून घेतलेलं त्यांचं ऐतिहासिक भाषण त्यांना मेहुण्याला ऐकवायचं आहे.

ते पाठवणं बाकी आहे.