मोकळा श्वास घेणारी गाडी

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. वय वर्षे त्रेसष्ट. बांधा मध्यम (स्वतःच्या सांगण्यानुसार). व्यवसाय : पाणीपुरवठा खात्यातून सेवानिवृत्त, सांप्रत इंधनबचत या विषयातील स्वयंनियुक्त तज्ज्ञ. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याच्या नखात तांबडे तेल. सदर इसमाच्या ताब्यात एक करडी चारचाकी असून तिचे मायलेज ही त्यांची एकमेव चिंता आहे. इमारतीतील रहिवासी त्यांना मायलेजराव म्हणतात. ही पदवी आहे असा त्यांचा समज असून तो दूर करण्याची तसदी आजवर कोणी घेतलेली नाही.

गाडी घेतली ती बायकोने. बाई इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली, चालवायला शिकल्या, आणि पहिल्याच फेरीत शेजारच्या सीटवरून त्यांना समजलं की आपण ब्रेक फार दाबतो.

"ब्रेक दाबलास की पेट्रोल वाया जातं."

"मग काय, समोरच्या माणसावरून नेऊ?"

मायलेजरावांनी यावर थोडा विचार केला, असं बाई सांगतात.

पुढे बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्टिअरिंग तात्पुरतं नवऱ्याकडे गेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायामाला नेमाने या. गुडघा नीट वाकायला लागला की खुशाल गाडी चालवा. खाडे केलेत तर आहे तिथे आखडून बसेल. बाईंना पुन्हा गाडी चालवायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

मायलेजरावांचं मात्र लक्ष बॉनेटखाली होतं. त्यांचं मोटारशास्त्र त्यांच्या तरुणपणी, एका कार्बोरेटरवाल्या गाडीपाशी पूर्ण झालं होतं. त्या गाड्या हवा गाळणारा फिल्टर तुंबला की खरोखरच जास्त पेट्रोल प्यायच्या. आताच्या गाडीत आत शिरणारी हवा मोजली जाते आणि त्या मापानेच पेट्रोल सुटतं. फिल्टर तुंबला तर गाडी मरगळते, मायलेज जवळपास तेच राहतं. ही माहिती जगजाहीर आहे. मायलेजरावांचा पत्ता तिला सापडला नसावा.

गाडीच्या सुट्या भागांच्या एका दुकानदाराला तो सापडला. त्याने लाल रंगाचा, विदूषकाच्या टोपीसारखा एक फिल्टर पुढे केला. "काका, गाडी मोकळा श्वास घेईल. मायलेज कुठल्या कुठे जाईल." कुठल्या दिशेने जाईल ते काकांनी विचारलं नाही. गाडीचा मूळचा बंद डबा आणि त्यातला कागदी फिल्टर माळ्यावर गेले, आणि टोपी इंजिनाला लागून उघडीच बसली. म्हणजे चुलीला तोंड लावून मोकळी हवा खाण्याचा प्रकार. गाडी आता सर्दी झालेल्या म्हशीसारखी घोरू लागली. "श्वास आहे तो, श्वास," मायलेजराव फाटकापाशी जमलेल्यांना सांगत. बॉनेट उघडं दिसलं की मान डोलावणारी माणसं प्रत्येक इमारतीत असतात. ती डोलावत.

मग चाचणी सुरू झाली. मायलेजरावांनी एसी बंद केला. जादा चाक काढलं, जॅक काढला, पायपुसण्या काढल्या. शेवटी बायकोची पाळी आली.

"अगं, थोडे दिवस व्यायामाला बसने जा. चाचणीत एका वेळी एकच बदल करायचा असतो."

"अहो, चाक काढलंत, एसी बंद केलात, आता मला काढताय. हा एक बदल?"

"तुला शास्त्रीय पद्धत कळायची नाही."

"जन्मभर लोकांचा ताप मोजलाय मी. पेशंटला बर्फात बसवून गोळीला गुण आला असं कधी म्हटलं नाही."

बाई काठी टेकत बसने जाऊ लागल्या. बसची पायरी उंच, गुडघा सुजून परत यायचा. इकडे मायलेज पंधराचं सतरा झालं. श्रेय टोपीला मिळालं. चाचणी संपेना, कारण निकाल चांगला येत होता.

या टोप्या मधूनमधून धुऊन त्यांना खास तांबड्या तेलाचा पुसट हात द्यायचा असतो. मायलेजरावांना पुसट हात मान्य नव्हता. तेल कमी पडल्याने आजवर कोणाचं भलं झालंय? त्यांनी पातेल्यात तेल ओतून टोपी त्यात बुडवून ठेवली आणि सकाळी तशीच, ठिबकती, बसवली. नेमक्या त्या दिवशी बस बंद होत्या. चाचणीत अपवाद करून बाईंना गाडीत घ्यावं लागलं.

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी ठसकली, आचके देऊ लागली, समोर पिवळा दिवा लागला. तेल आत ओढलं जाऊन हवा मोजणाऱ्या केसाएवढ्या तारेवर बसलं होतं आणि गाडीला हवेचा अंदाजच येईना. मायलेजरावांना कारण ताबडतोब कळलं.

"वजन. अगं, चढ संपेपर्यंत जरा उतरतेस का?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काठी घेऊ, की गाडीत ठेवू?"

"घे. तेवढाच भार कमी."

हे ते गंभीरपणे म्हणाले. बाई उतरल्या. गाडी थोडी सरकली आणि बंद पडली. बाई तिच्या बाजूने काठी टेकत पुढे निघून गेल्या. खिडकीत त्यांनी पाहिलं नाही. उतारावर पाण्याचे जार वाहणाऱ्या एका टेम्पोवाल्याने त्यांना पुढे बसवून दवाखान्यात सोडलं. टेम्पो गच्च भरलेला होता. त्याला चढउतार काही जाणवल्याची नोंद नाही.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने टोपी उपसली तशी तेलाची धार लागली. "काका, तळायला काढली होती का?" मायलेजराव म्हणाले, पंपावरच्या पेट्रोलात भेसळ असते हल्ली. तार साफ झाली. माळ्यावरचा डबा परत जागी बसला. किल्ली घ्यायला मायलेजरावांनी हात पुढे केला, तेव्हा ती बाईंच्या पर्समध्ये गेलेली होती.

पर्स उघडली ती थेट गुडघा वाकायला लागल्यावर. तोवर बाई त्याच टेम्पोवाल्याबरोबर ये-जा करत होत्या; त्याची फेरी त्याच रस्त्याने असे. आता त्या स्वतः गाडी चालवतात. एसी लावतात, जादा चाक ठेवतात, वाटेल तिथे ब्रेक दाबतात. मायलेज पंधरा आहे, गाडी आणली त्या दिवशी होतं तेवढंच. आपण इंजिनाला वळण लावलं म्हणून ते टिकलं, असं मायलेजराव फाटकापाशी सांगतात. माना अजून डोलतात.

व्यायामाच्या शेवटच्या दिवशी बाई त्यांना बरोबर घेऊन गेल्या आणि दवाखान्याच्या दारातल्या वजनकाट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उभे राहा जरा."

सबब सदर चाचणी निष्कर्षासह बंद करण्यात येत आहे. बाईंचं वजन चोपन्न किलो भरलं. मायलेजरावांचं एक्क्याण्णव.