कार्बोलिकचं पाणी

कार्बोलिक साबणाचा वास आला की पन्नास सालच्या आसपासची, कोल्हापुरातल्या इस्पितळाची एक दुपार आठवते. नर्सिंगची परीक्षा आठ दिवसांवर होती आणि औषधात पाणी किती घालायचं हा हिशेब मला जमत नव्हता. सिस्टरांचा नियम होता की जिनं जखम धुवायचं पाणी केलं तिनंच त्यात आधी हात बुडवायचे. मी कातडी भाजणारं कार्बोलिक ॲसिड मोजून पाण्यात ओतलं. हात थरथरत होते. फरशी पुसणारी आया म्हणाली, "हिशेब बरोबर हाय न्हवं? मग भितीस कशाला?" "बरोबर आहे का, तेच कळत नाही," मी म्हणाले. बोटं पाण्याला टेकणार तोच मागे उभ्या सिस्टरांनी मनगट धरलं. "चौपट कडक झालंय. पेशंटच्या जखमेवर ओतताना असा हात थरथरला असता का?" परीक्षेत पास झाले, पण आजही नातवाला खोकल्याचं औषध देताना चमचा दोनदा पाहते.