गळ्यातली नळी

स्पिरिटचा वास आला की मुळशी धरणाच्या काठावरची एक दुपार आठवते. झोपेत वडिलांचा श्वास अडायचा, म्हणून एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास पुण्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला भोक पाडून कायमची चांदीची नळी बसवली होती. रात्री ती उघडी, दिवसा तिला बूच. आई रोज भोवतीची कातडी स्पिरिटने पुसायची. पाण्यात मात्र उतरायचं नाही, म्हणजे नाहीच. धरणात मनसोक्त पोहणारा माणूस तांब्याने बेताबेताने अंघोळ करू लागला. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. त्या दुपारी दाव्यात पाय गुंतलेलं आमचं रेडकू घसरून खोल पाण्यात गेलं. वडील धावत कमरेइतक्या पाण्यात शिरले, तशी आईने मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. "आवं, नळीत पानी गेलं तर?" "सोड, ते बुडतंय!" "मी न्हाई सोडनार." वडील तिथेच उभे राहिले. रेडकाचं डोकं एकदा वर आलं, मग पाणी सपाट झालं. काठावर म्हैस रेकत राहिली. घरी येताना वडील एवढंच म्हणाले, "झोप लई चांगली लागती आता." आज माझाही श्वास झोपेत अडतो. डॉक्टरांनी रात्री नाकावर लावायला दिलेला हवेच्या यंत्राचा मास्क मी सकाळी काढून ठेवते, तेव्हा वाटतं, वडिलांना हे सकाळी काढून ठेवणं तरी मिळायला हवं होतं.