फुकटची एक जागा

ती सकाळ विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात मी पंचवटीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. गल्लीतले तीसएक लोक एका निवृत्त शिक्षिकेला घेऊन, खरं तर घेरूनच, आत आले. बाईंनी त्यांना काशीयात्रेसाठी जमवलं होतं. गाडी दीड तासावर आली होती, आणि ट्रॅव्हल एजंट ‘रिझर्व्हेशन रद्द झालं’ असा निरोप ठेवून पसार झाला होता.

ग्रुप बुकिंग म्हणजे काय, ते बाईंनीच मला समजावलं. सगळ्यांची मिळून एक यादी, एकच तिकीट, जागा शेजारीशेजारी, दरात सवलत. शिवाय माणसं जमवणाऱ्याला एजंट एक जागा फुकट देतो.

तिथंच मी त्यांना अडवलं. “म्हणजे तुम्ही फुकट जाणार होता. मग एजंटाशी तुमचं साटंलोटं नाही कशावरून?”

बाईंचा चेहरा उतरला. “साहेब, ह्यांचीच पोरं शिकवली मी.”

“म्हणून तर विश्वास ठेवला ना!” मागून कोणीतरी ओरडलं. मी बाईंना बाकावर बसवून ठेवलं. संशयित म्हणून त्यांचं नाव डायरीत लिहायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात नाशिकरोड स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालाचा फोन आला. “साहेब, फलाटावर बाया-माणसं बसलीत. एक जण त्यांच्याकडून नावं पाठ करून घेतोय. मला काय बरोबर वाटत नाय.”

बाईंकडची यादीची कार्बन प्रत घेतली आणि दोन हवालदारांना घेऊन जीप पिटाळली. गाडीला अर्धा तास होता. नावं पाठ करून घेणारा मात्र वर्दी पाहून सटकला होता. मी एकेक नाव पुकारलं. प्रत्येक नावाला ‘हजर’, वयंही बरोबर. खरी माणसं ठाण्यात बसली होती, पण ही खोटी आहेत हे सिद्ध कसं करायचं? गाडीची घोषणा झाली. मग साठीच्या एका बाईला विचारलं, “मालकांचं नाव?”

तिने आडनावासकट खणखणीत सांगितलं.

माझी आई वडिलांचं नाव फक्त उखाण्यात घ्यायची. त्या वयाची बाई परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव असं फटकन घेत नाही. “आजी, आता तुमच्या खऱ्या मालकांचं सांगा,” मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावून शेजारणीला ढोसलं. “तू सांग गं.”

शेजारीण रडायलाच लागली. “जादा पैसे घेतले हो आमच्याकडून. दुसऱ्यांच्या नावावर बसा म्हनला.” तिने चहाच्या स्टॉलकडे बोट दाखवलं. त्याच्या आडोशाला तो नावं पाठ करून घेणारा, म्हणजे एजंटच, उभा होता. हवालदारांनी त्याला तिथंच धरलं.

ठाण्यात मी त्याला पहिला प्रश्न बाईंबद्दल विचारला. “त्यांना कशाला सांगतोय?” तो म्हणाला. “त्या यादी दोनदा तपासतात.”

त्या दिवशी दोन्ही गटांची गाडी चुकली. गल्लीवाले माना खाली घालून गेले. मीही बाईंची माफी मागितली नाही. तेव्हा वर्दीचा ताठा होता.

पुढच्या वर्षी बाई नव्या यादीची प्रत घेऊन ठाण्यात आल्या. आता प्रत्येक प्रवाशालाही एकेक प्रत दिल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे ‘पूर्ण भाडे’ लिहिलेलं होतं.

“आणि फुकटची जागा?” मी विचारलं.

“गल्लीतल्या फुलवाल्या आजींना दिली. मला नको. पुन्हा कोणी विचारायला नको.”

संशय घेणं माझं कामच होतं. पण सवलतीला लाच समजून मी एका बाईची आयुष्यभराची पत चारचौघांत उतरवली होती. ते ‘कोणी’ म्हणजे मीच. मी टोपी काढली आणि सगळ्या ठाण्यासमोर त्यांची माफी मागितली.

बाईंनी चष्मा पुसला. “ही प्रत फाइलला लावा, साहेब,” एवढंच त्या म्हणाल्या.