आबांच्या पोटावरची पट्टी

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे दुखणं डोळ्यांनी पाहणं. मोडलेला पाय दाबून पाहायचा, गळू उघडून पाहायचं. नुसतं पायथ्याशी बसून परतलेल्याला गावात विचारतात, "मग गेला कशाला होतास?" या रीतीचा मला आजही संताप येतो. तिच्यापुढे मी गप्प राहिलो, त्याचा अधिक.

आबा माझे थोरले मामा. एरंडोलजवळचे शेतकरी; सहीपुरतीच अक्षरं येत. मला धुळ्याच्या शाळेत घातलं त्यांनी, पुढे मुंबईला डॉक्टरीला पाठवलं त्यांनीच. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पेनिसिलिन यायच्या आधीचा तो काळ. जळगावच्या दवाखान्यात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा आबांचा जुना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकला. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं. तेवढं कापून त्यांनी दोन्ही टोकं शिवली. हात धुता धुता मला म्हणाले, "माझं काम झालं. आता पट्टी तुझ्याकडे. उकळलेल्या चिमट्याशिवाय तिथे काही लागता कामा नये. आतडं कापलं की जखमेत पू लवकर होतो, आणि पू झाल्यावर आपल्याकडे औषध नाही."

तिसऱ्या दिवशी गावाहून नातलगांनी भरलेली गाडी आली. आबांना ताप नव्हता, ते हसत होते. त्यांची थोरली बहीण, आमची अक्का, खाटेवर वाकली. "दखू दे रे भाऊ, कितलं फाडं त्या डाक्टरनी!"

"दख ना," म्हणत आबांनीच ऐटीत गाठ सोडली.

आदल्याच दिवशी न धुतलेला हात पट्टीला लावला म्हणून मी वॉर्डातल्या ड्रेसरला सगळ्यांदेखत झापलं होतं. इथे मात्र "अक्का, नको" एवढंच पुटपुटलो. शेणाचे, तंबाखूचे हात एकेक करून टाक्यांवरून फिरले. अक्काने वर अंगारा लावला. कोणी म्हणालं, "आबा, गोधडी बी आशी शिवत नहीत!" सगळे हसले. मीही हसलो.

सहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पट्टी कोणी सोडली?"

"माझ्यासमोर सुटली."

त्यांनी कात्री मागितली. रागावले असते तर बरं झालं असतं. टाके कापले, दिवसातून तीनदा जखम धुतली. ताप चढतच गेला.

मग पुन्हा गाडी आली. आता मी दारात आडवा उभा राहिलो. अक्का कडाडली, "बठ्ठा गाव दखी गया, आते का आडवस? शिकना तं घरना मानसं वळखत नही?"

आतून आबांचा क्षीण आवाज आला, "येऊ दे रे त्यासले."

मी सोडलं नाही. नियम म्हणजे नियम, असं बजावलं. खरं तर पू पोटात उतरला होता, आबा जाणार हे मला ठाऊक होतं. त्या दारात आता राखण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अक्का बाहेर पायरीवरच बसून होती. येईल त्याला ती सांगत होती, "माले भाऊनं तोंडबी दखू दिधं नही यानी."

पहिल्याच वेळी अडवायला हवं होतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगितलं नाही. तिच्या लेखी माझा गुन्हा शेवटपर्यंत त्या दाराचाच राहिला.