गेटापासून ट्रेझरीच्या पायरीपर्यंत

बासष्टच्या हिवाळ्यात आमची बटालियन नेफात, चीनच्या सरहद्दीवर होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार. अमरावतीला बी.ए. झालो आणि भरती झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तिवशाजवळच्या आमच्या गावात मी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो आणि बाप ऐकत बसायचा. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण मध्येच कोणी बोललं तर त्याच्यावर खेकसायचा. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझं इंग्रजी कुठे कुठे कामी आलं नाही ते सांगायचं आहे.

नायक शेषराव राऊत आमच्या प्लाटूनमध्ये लाइनमन होता. टेलिफोनची तार टाकायची, तुटली की जोडायची, हे त्याचं काम. मोर्शी रोडवरच्या गावचा कुणबी, घरची काळी जमीन. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालेले. गावात भेटलो असतो तर तो ओट्यावर आणि मी अंगणात. बटालियनमध्ये पहिल्याच दिवशी त्यानं आपला चहाचा मग माझ्यापुढे धरला.

"घे बी.ए. जुठा हाये, चालते का?"

"तुले चालते का ते पाह्य," मी म्हणालो.

तो हसला. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मी त्याला शेषराव म्हणायचो. मी त्याच्याहून वरच्या रँकचा असूनही तो मला शेवटपर्यंत बी.ए.च म्हणत राहिला.

फौजेत एक रिवाज आहे. तो कोणत्याही पुस्तकात नाही. साहेब दरबारात विचारतो, "कोई तकलीफ?" जवान म्हणतो, "नहीं साब." तकलीफ असली तरी हेच म्हणायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही आणि सगळ्यांना येत होतं.

आमच्या पुढच्या पोस्टांपैकी चार नंबर सगळ्यात उंचावर होती. तिथे तीन माणसं होती. लान्स नायक दत्तू, सिपाही किसन, आणि लाइन दुरुस्त करायला वर गेलेला शेषराव. तो गेला आणि मागे बर्फ पडून वाट बंद झाली. खालच्या बाजूनं फायरिंग चालू होतं. लाइन तर जुळलीच नाही, वायरलेस सेट तेवढा चालत होता. खाली हेडक्वार्टरच्या सेटवर मी होतो. दर तासाला बोलणं व्हायचं.

"चार नंबर, चार नंबर. हाल बताओ. ओव्हर."

"चार नंबर. सब ठीक. ओव्हर."

"कोई तकलीफ? ओव्हर."

"नहीं साब. ओव्हर."

साब म्हणजे मीच. पण सेटवर शेषराव मला बी.ए. म्हणत नसे. सेटवर तो फौजी असायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला, "चार नंबर. एक जवान गया. बाकी ठीक. ओव्हर."

कंपनी कमांडरनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. "कौन गया?"

"किसन, साब. ठंड से."

"रिलीफ पार्टी निकल नहीं सकती. पोस्ट छोडना नहीं. समझा?"

"समझा, साब."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच आवाज. "चार नंबर. दो गये. बाकी ठीक. ओव्हर."

बाकी म्हणजे तो एकटा. मी "रॉजर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सेटवर त्याला पायमोजे पाठवता येत नव्हते.

रिलीफ पार्टी पोहोचली तेव्हा त्याचे बूट चाकूनं कापून काढावे लागले. ते बूट मैदानी मुलखातले होते. बेस हॉस्पिटलमध्ये त्याच्या दोन्ही पायांची सगळी बोटं काढली. बोटांच्या मागचाही थोडा भाग गेला. अर्धं अर्धं पाऊल उरलं. डॉक्टर त्याला फ्रॉस्टबाइट म्हणत. शेषराव म्हणायचा, "थंडीनं चावलं."

त्याला पेन्शनीवर घरी पाठवलं. वर्षभरानं मीही सुटलो आणि अकोल्याला सरकारी नोकरीत लागलो. एका रविवारी शेषरावच्या गावचा एक एस.टी. कंडक्टर माझ्या खोलीवर निरोप घेऊन आला. "राऊतभाऊनं सांगतलं, बी.ए.ले म्हना, अर्ज लिहाले ये. इंग्रजीत पायजे."

मी गेलो. अडचण अशी होती. पेन्शन ट्रेझरीतून स्वतः हजर राहून घ्यावी लागे. ट्रेझरी जिल्ह्याच्या कचेरीत, अगदी आतल्या बाजूला. पूर्वी बैलगाड्या, छोट्या हलक्या रेंग्या थेट पायरीपर्यंत जात. मग कोणाच्या तरी बैलानं साहेबांच्या बागेतल्या कुंड्यांत तोंड घातलं, आणि हुकूम निघाला. आता आत फक्त मोटारी आणि जिपा जात. रेंगी बाहेरच्या मैदानात सोडायची आणि तिथून पायी जायचं. धडधाकट माणसाला ते अंतर काहीच नाही. शेषराव काठी टेकत जायचा, आणि दर महिन्याला त्याच्या पायाच्या टोकाची कातडी फाटायची. महिनाभरात ती जुळत आली की पुन्हा पेन्शनीचा दिवस यायचा. डॉक्टरनं त्याच्या बायकोला साफ सांगितलं होतं, ही जखम अशी उघडत राहिली तर पाय सडेल. मनिऑर्डरीनं पैसे मिळावे म्हणून दिलेला अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होता.

बायकोचं नाव सुभद्रा. रेंगी तीच हाकायची. ती म्हणाली, "मी म्हनलं, पाठीवर नेतो. तं माह्यावरच चवताळले."

"मंग काय?" शेषराव म्हणाला. "पाठीवर मुर्दा नेतात. किसनले म्या पोस्टाबाहेर नेलं होतं तसं."

हुकुमाला अपवाद होता. अपंगांसाठी परवाना मिळायचा. नंबर घातलेली टिनाची पाटी. ती दांडीवर ठोकली की रेंगी पायरीपर्यंत जाऊ शकत होती. मी इंग्रजीत अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता, आजही म्हणतो. कचेरीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला आणि मला बसायला खुर्ची दिली.

"भाषा फस्क्लास हाय साहेब. पन हे नियमात बसत नाही. नियम काय म्हनते? एक पाय कापलेला. नाहीतं दोन्ही डोळे गेलेले. नाहीतं लकवा. बोटं यात येत नाहीत."

"दहाच्या दहा गेलीत."

"दहा काय आन् वीस काय? बोट म्हंजे पाय नोहे."

"अर्धं पाऊल गेलं आहे."

"मंग अर्धं हायेच ना बाप्पा."

माणूस वाईट नव्हता. त्यानं पान काढून मला दिलं आणि नियमाचा कागद पुन्हा वाचला. शेवटी एक ओळ होती. चालण्यास असमर्थ असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला असेल तर विचार करता येईल. "हा एक दरवाजा हाये," बाबू म्हणाला. "यातून काढा त्यायले."

तपासणीची तारीख मिळाली. मी शेषरावला बजावलं, "चप्पल घालून ये. पाय दिसू दे."

"सरकारी डॉक्टरपुढं चप्पल?"

"हो. चप्पल."

त्या दिवशी मी अकोल्याहून पहिल्या मोटारीनं अमरावतीला पोहोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेषराव आधीच बसला होता. पायात फौजी बूट, चेहरा दिसेल असं पॉलिश. बुटाचं पुढचं टोक चेपू नये म्हणून त्यात घरचा कापूस ठासून भरला होता. दाढी केलेली. मी सुभद्रावहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मले काहून पायता? मी तं चपला पिशवीत घेऊन आली."

हाक आली. दारात शेषरावनं काठी माझ्या हातात दिली.

"काठी ने आत," मी म्हणालो.

"धर," तो म्हणाला.

डॉक्टर स्वतः फौजेतून आलेले होते. ते मला मिशीवरून आणि बसण्यावरून कळलं. शेषरावला ते पहिल्याच शब्दात कळलं.

"नायक शेषराव राऊत?"

"हाजिर, साब!"

"चल के दिखाओ."

मी दारात उभा होतो. शेषराव भिंतीपासून टेबलापर्यंत गेला. मान ताठ, मुठी बंद, हात बरोबर कमरेच्या वर. तिथे पीछे मुड केलं. पुन्हा भिंतीपर्यंत. पुन्हा टेबलापर्यंत. थम. टाच टाचेला लागल्याचा आवाज झाला. त्यानं सॅल्यूट ठोकला. परेडवर मी त्याला इतकं चांगलं चालताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "शाबास! कोई तकलीफ?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी हे उत्तर सेटवर दर तासाला ऐकलं होतं.

"नहीं साब."

मी आत शिरलो. इंग्रजीत म्हणालो, सर, त्याचे बूट काढून पाहा. डॉक्टर इंग्रजीतच म्हणाले, मला डोळे आहेत, इतकं चांगलं मलाही चालता येत नाही. तरी त्यांनी शेषरावला विचारलं, "बूट उतारना है?"

शेषरावनं माझ्याकडे पाहिलं. साहेब बोलत असताना मध्ये तोंड घालणाऱ्या रंगरुटाकडे पाहावं तसं. मग म्हणाला, "जरूरत नहीं, साब."

डॉक्टरांनी लिहिलं. सही केली.

व्हरांड्यात तो बाकावर बसला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग राहिला नव्हता. सुभद्रावहिनी खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. बुटातून कापूस निघाला तो लाल होता. ती लाल बोळे काढत गेली आणि पदरात ठेवत गेली, जमिनीवर टाकले नाहीत.

"काहून चाललेत असे?" ती म्हणाली.

"त्यायनं म्हनलं, चल के दिखाओ."

"मंग लंगडून दाखवा लागत होतं!"

"लंगडं चालनं आमाले शिकवलं नाही."

मी काठी हातात धरून उभा होतो. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "बी.ए., काठी दे."

पुढे मी दोन अर्ज केले. एकदा तपासणी झाली की वर्षभर दुसरी होत नाही, असं उत्तर आलं. मी बाबूला भेटलो. तो म्हणाला, डॉक्टरच्या सहीवर माझी सही कशी चढवू? बरोबरच होतं. मी डॉक्टरांना भेटायला गेलो तर त्यांची बदली झाली होती. मी तरी कोणाला दोष देऊ? डॉक्टर खोटं लिहीत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. बाबूनं नियम सांगितला. शेषरावनं हुकूम पाळला. आणि दर महिन्याला तो मैदानापासून पायरीपर्यंत चालत राहिला.

हिवाळा लागला तेव्हा डाव्या पायाचं टोक काळं पडलं. गुडघ्याच्या खालून पाय कापला.

त्यानंतर बाबूनं अर्जाची वाटही पाहिली नाही. कागद स्वतः लिहिला, टिनाची पाटी स्वतःच्या हातानं आणून दिली. "आता बसतात नियमात," तो म्हणाला. खाली पाहून म्हणाला.

पाटी दांडीवर ठोकली आणि रेंगी पहिल्यांदा पायरीपर्यंत गेली. मी रजा काढून आलो होतो. गेटावरच्या शिपायानं कापलेल्या पायाकडे पाहिलं आणि गेट पूर्ण उघडलं. शेषराव मला म्हणाला, "सस्तं पडलं गड्या. मले वाटे, दोन्ही मांगतात."

दुसराही लागलाच. त्या पायातही तेच सुरू झालं होतं. या वेळी तो दवाखान्यात जायला तयार झाला नाही. तो गेल्याचा निरोप मला मिळाला तो तिसऱ्या दिवशी सकाळी. मी पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. रेंगी गोठ्याला टेकून उभी होती. दांडीवर पाटी तशीच.

पुढे सुभद्रावहिनीला पेन्शन लागली. पहिल्या वेळी मी सोबत गेलो. तिनं रेंगी बाहेरच्या मैदानात लिंबाखाली थांबवली आणि बैल सोडू लागली. गेटावरचा शिपाई तोच होता. तो तिथूनच ओरडला, "बाई, पाटी हाये ना तुमच्यापाशी! आना ना आत!"

"पाटी त्यायची हाये," ती म्हणाली. "माहे पाय धड हायेत."

तिनं बैलांपुढे कडबा टाकला, पदर खोचला आणि चालू लागली. मी तिच्या बरोबर चाललो. अंतर खरंच काही नव्हतं. मी तिला विचारणार होतो, वहिनी, काही तकलीफ? मग विचारलं नाही.

आमच्या रेजिमेंटच्या सेंटरला एक दगड आहे. युद्धात पडलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. लान्स नायक दत्तूचं नाव आहे. सिपाही किसनचं आहे. शेषरावचं नाही. तो स्वतःच्या घरी खाटेवर मेला, लढाई संपून गेल्यावर. मी पत्र लिहिलं होतं, इंग्रजीत. उत्तर सभ्य होतं. तो नियमात बसत नाही.

हिवाळ्यात थंडी वाढली की मी ती चार नंबरची माणसं मोजतो. किसन. दत्तू. एक गया, दो गये. त्यानंतर सेटवर "बाकी ठीक" यायचं आणि मी रॉजर म्हणायचो.

आता म्हणत नाही. नायक शेषराव राऊत. तीन गये. ओव्हर.