तिजेला घातलेला युरिया

तिजेच्या टोपल्यांना पुरुषाने हात लावू नये, असा आमच्या तांड्याचा नियम आहे. मी लावला, आणि हातात युरिया होता.

त्यात मी तांड्याचा नायक! म्हणजे नियम मोडणाऱ्याला दंड करणारा माणूस. तीज माझ्याच अंगणात मांडलेली. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात आणि रोज त्यांच्याभोवती फेर धरून गात नाचतात. तो नाच हीच त्यांची पूजा. माझ्या काजलची ही पहिलीच तीज. पाचव्या दिवशी बाकीच्यांचा गहू चार बोटं वर आला, हिचा जेमतेम एक बोट. पोरगी जेवेना. बापाला हे कसं बघवणार?

दुपारी बाया-पोरी सोयाबीन निंदायला गेल्या, तेव्हा मी तिच्या टोपलीत चिमूटभर युरिया टाकला. (शेतकऱ्याची चिमूट. इतर लोक तिला मूठ म्हणतात.)

सकाळी शेंडे करपलेले!

नाचात पुढे असणाऱ्या धानीबाई आजींनी टोपली पाहिली आणि म्हणाल्या, "नाचताना कोणाचं तरी ध्यान न्हवतं." काजलला वाटलं, आपलंच. ती रडायला लागली. देवी कोपेल याची भीती होतीच, आजी कोपतील याची त्याहून जास्त. चेहरा काहून उतरला, असं बायकोने विचारलं. मी पित्तावर ढकललं. पण पोरीचं रडणं काही थांबेना. शेवटी गोठ्यात नेऊन तिला खरं सांगून टाकलं.

डोळे पुसत ती म्हणाली, "बापू, आता कोणाला सांगू नका. मी नाचते."

आणि पाय सुजेपर्यंत नाचली! मैत्रिणींनी तिच्या टोपलीत घागरीवर घागरी ओतल्या. मी लांब उभा राहून हात जोडत होतो. आठव्या दिवशी करपलेल्या पात्यांतून हिरवे कोंब डोकावले. (पाण्याने युरिया धुऊन गेला असणार. हे आजींना सांगायची माझी छाती झाली नाही.)

विसर्जनाच्या दिवशी पोरी तो गहू उपटून बापाच्या, भावाच्या पागोट्यात खोवतात. काजलनेही माझ्या पागोट्यात तुरा खोवला आणि हसत पळाली. सगळा तांडा माझ्याकडे बघायला लागला. काढून बघतो तर पिवळाजर्द, करपलेला!

आजींनी तो हातात घेऊन निरखला. "नायका, किती घातला व्हता?"

चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं मी तिथंच ओकलो.

पण नायकाला दंड कोण करणार? पुढच्या वर्षी गहू भिजत घातला त्याच दिवशी बायांनी माझी पिशवी भरली आणि तांड्याच्या नायकाला नऊ दिवस सासुरवाडीला रवाना केलं.